चाचणीत मार्क कमी पडले: त्या संध्याकाळपासून दहावीच्या निकालापर्यंत घरी काय करायचं

दहावीची पहिली घटक चाचणी होते आणि काही दिवसांनी तपासलेले पेपर दप्तरातून घरी येतात. गणित भाग १, ४० पैकी १९. पुढच्या पाच मिनिटांत आईबाबांच्या तोंडून काय निघतं, चेहऱ्यावर काय दिसतं, त्यावर त्या मुलाचे पुढचे कितीतरी महिने ठरत असतात. वर्षभर “तू हुशार आहेस, तुला जमेल” असं ऐकवलेलं असलं तरी मूल लक्षात ठेवतं ते हे पाच मिनिटांतलं.

हा नुसता अंदाज नाही. काइला हायमोविट्झ आणि कॅरल ड्वेक यांनी २०१६ मध्ये पालक आणि मुलं यांच्यावर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बुद्धी वाढवता येते असं पालक मानतात की नाही, याचा मुलांच्या समजुतीशी फारसा संबंध त्यात आढळला नाही. संबंध आढळला तो पालक अपयशाकडे कसं बघतात याच्याशी. अपयश म्हणजे नुकसान, असं मानणाऱ्या पालकांची चिंता मुलांना दिसते, आणि ‘आपली कुवत एवढीच’ असं ती धरून चालतात. पालकांच्या मनातली मतं मुलांना दिसत नाहीत, पण पेपर बघताना आवळलेला जबडा त्यांना लगेच दिसतो.

म्हणून हा लेख कमी मार्कांपासून सुरू होतो. उदाहरणं राज्य मंडळाच्या दहावीची घेतली आहेत, पण मूल आठवीत असो की अकरावीत, पद्धत तीच लागू पडते.

आत्मविश्वास येतो कुठून

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. ‘मी भारी आहे’ ही भावना आणि ‘हे गणित मला सुटेल’ हा भरवसा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासाला दुसरी लागते. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या भरवशाचे चार उगम सांगितले. पहिला, स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं काम. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना बघणं. तिसरा, विश्वासातल्या माणसाचे शब्द. चौथा, त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे झोप, धडधड, घाम. यातला सगळ्यात बळकट पहिला. आपल्या घरांत मात्र सगळा भर तिसऱ्यावर असतो. “तू करू शकतोस” हे वाक्य शंभर वेळा म्हटलं आणि मुलाच्या पदरात स्वतः सोडवलेली पाच गणितंही नसली, तर ते वाक्य त्याला खोटं वाटतं आणि पुढे टोचू लागतं.

आधी आठवडाभर स्वतःचं बोलणं टिपा

मुलात काही बदलायला जाण्याआधी सात दिवस हे करा. मुलाशी अभ्यासाबद्दल जे जे बोलाल, ते रात्री फोनमध्ये किंवा वहीत जसंच्या तसं लिहा. सुधारून लिहू नका. आईने आपलं लिहायचं, बाबांनी आपलं. सातव्या दिवशी प्रत्येक वाक्यासमोर एक खूण करा: चौकशी (“झाला का अभ्यास?”), सूचना (“आता बस”), तुलना (“मावशीची रिया बघ”), टोमणा (“वाटलंच होतं मला”), धमकी (“थांब, बाबा येऊ देत”), मदत (“कुठे अडलंय?”). शेवटी अभ्यास सोडून झालेलं बोलणं मोजा: सिनेमा, क्रिकेट, मैत्रिणी, जेवणात काय हवं.

बहुतेक घरांत चौकशी आणि सूचना यांचीच रांग लागते, आणि अभ्यास सोडून बोलणं जवळपास निघतच नाही. पहिला बदल तिथे करा. दिवसातून एक वेळ ठरवा, रात्रीचं जेवण सगळ्यात सोयीचं, जेव्हा अभ्यास, मार्क आणि क्लास हे तीन विषय बंद. चौदा-पंधरा वर्षांची मुलं पहिले चार-पाच दिवस हूं की चूं करत नाहीत, कारण यात काहीतरी डाव आहे असं त्यांना वाटतं. तुम्ही नियम मोडला नाहीत तर बोलू लागतात.

वहीत एक गोष्ट लिहिली जात नाही, कारण ती बोललीच जात नाही: अबोला. मार्क कमी आले की दोन दिवस तोंड फिरवायचं आणि चांगले आले की लाडाने जवळ घ्यायचं, हे कित्येकांना शिस्तच वाटते. असोर, रॉथ आणि डेसी यांनी २००४ मध्ये नेमक्या या प्रकारावर काम केलं. अशा घरांतली मुलं पालकांना हवं ते करतात, पण आतून ढकलल्यासारखी करतात. यश आलं तरी समाधान टिकत नाही आणि आईवडिलांबद्दल मनात राग साठत जातो. नापसंती दाखवायची तर ती कामाबद्दल दाखवा, बोलून दाखवा, आणि त्याच रात्री ताटात नेहमीसारखीच पोळी वाढा.

पेपर घरी येतो ती संध्याकाळ

दारातच “किती पडले?” विचारू नका. हातपाय धुणं, खाणं होऊ द्या. पेपर मुलाने स्वतःहून दाखवला तर हातात घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत बघा. आकडा बघून परत देऊ नका. मग बोलायचं ते एवढंच:

“बघितला. तुला काय वाटतं, कुठे गेले मार्क?”

मूल म्हणेल “माहीत नाही” किंवा “पेपरच अवघड होता, सगळ्यांनाच कमी आहेत.” वाद घालू नका. “बरं. उद्या सहा वाजता दोघं बसून बघू” असं म्हणून विषय थांबवा. उद्याच का? मार्क कमी आल्याची लाज ताजी असते तेव्हा मूल स्वतःला वाचवण्याच्या मागे असतं. त्या वेळी चुका बघायला लावल्या तर त्याला त्या दिसत नाहीत, फक्त तुमचा आवाज ऐकू येतो.

त्या संध्याकाळी वर्ज्य असलेले प्रश्न दोन: “हायेस्ट किती?” आणि “बाकीच्यांना किती?” या दोन्हींनी मुलाला कळतं की तुम्हाला पेपरमध्ये काय आलं नाही यापेक्षा तो कितव्या नंबरवर आहे यात रस आहे. मग पुढच्या वेळी तो शिकण्यापेक्षा नंबर लपवण्याची तयारी करतो.

रागाइतकीच कीव वाईट, आणि ती जास्त फसवी. “जाऊ दे रे, आपल्या घरात गणित कुणालाच येत नव्हतं” हे आई प्रेमाने म्हणते. मुलाला ऐकू येतं, “तुझ्याकडून आमची अपेक्षा नाही.” गणितात कमी गुण मिळालेल्यांना “सगळ्यांनाच गणित जमतं असं नाही” अशी समजूत शिक्षकांनी घातली तर विद्यार्थ्यांचा उत्साह आणखी खचतो, असं रत्तन, गुड आणि ड्वेक यांच्या २०१२ च्या प्रयोगांत दिसलं होतं. “मार्कांत काय आहे!” हेही नको. घरात मार्कांना किती किंमत आहे हे मुलाला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे हे वाक्य त्याला खरं वाटत नाही.

तोल गेलाच, आवाज चढला, तर झोपण्याआधी मुलाच्या खोलीत जाऊन सांगा: “मघाशी ओरडले ते चुकलं माझं. पेपरचं आपण उद्या बघू.” “पण तूही…” हे शेपूट जोडू नका.

गेलेले मार्क मोजा, आलेले नाहीत

दुसऱ्या दिवशी सहाला बसायचं. लागेल तो पेपर, कोरा कागद, पेन आणि साधारण चाळीस मिनिटं. पेन मुलाच्या हातात. पालकाने लिहायचं नाही, हा नियम मोडला की सगळा प्रयोग चौकशी समितीसारखा होतो.

कागदावर चार रकाने आखायला सांगा:

१. आलंच नाही (संकल्पना माहीत नव्हती)
२. येत होतं, पण लिहिलं अर्धवट (सूत्र, पायरी, एकक, आकृती राहिली)
३. वेळ पुरला नाही
४. घाई (चिन्ह चुकलं, आकडा चुकीचा उतरवला, प्रश्न नीट वाचला नाही)

आता प्रत्येक चुकलेला प्रश्न उचलून, गेलेले मार्क योग्य रकान्यात टाकायचे. ४० पैकी १९ म्हणजे २१ गेले. समजा त्यांची वाटणी अशी निघाली: पहिल्या रकान्यात ९, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ४, चौथ्यात ३. हा कागद मुलासमोर आला की दृश्य बदलतं. काल ‘मला गणित येत नाही’ असं होतं, आज ‘वर्गसमीकरणं आणि संभाव्यतेतले ९ मार्क मला येत नाहीत, बाकी १२ येऊन गेले’ असं आहे. काल करण्यासारखं काही दिसत नव्हतं, आज दिसतंय.

प्रत्येक रकान्याचं औषध वेगळं आहे, आणि इथेच बहुतेक घरं चुकतात: सगळ्यावर ‘अजून अभ्यास कर’ हा एकच काढा पाजतात. अर्धवट लिहिण्याने गेलेले ५ मार्क जास्त वाचून परत येत नाहीत. त्यासाठी मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या, पूर्ण उत्तर लिहायचं आणि पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाशी ओळ-ओळ जुळवून बघायचं. वेळेसाठी घड्याळ लावून पेपर सोडवायचा: गणिताचा एक भाग ४० मार्क, २ तास, म्हणजे एका मार्काला ३ मिनिटं. ३ मार्कांच्या प्रश्नावर ९ मिनिटांपेक्षा जास्त गेली की खूण करून पुढे जायचं. घाईसाठी शेवटची दहा मिनिटं राखून फक्त चिन्हं आणि उतरवलेले आकडे तपासायचे.

एक इशारा. मूल बहुतेक सगळे मार्क ‘घाई’त टाकू पाहील, कारण ‘येत होतं पण चुकलं’ म्हणणं सोपं असतं. तुम्ही नाकारू नका. “तसंच एक गणित आता कागदावर सोडवून बघ” म्हणा. सुटलं तर घाई खरी. नाही सुटलं तर तो आकडा त्याच्याच हाताने पहिल्या रकान्यात जातो, आणि तुम्हाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

लिखाणात वर्षानुवर्षं अक्षरं उलटसुलट होत असतील, तोंडी सगळं येतं पण कागदावर उतरत नाही असं सतत दिसत असेल, तर तो आळस धरू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. अधिकृत प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून हे नववीतच हाती घ्यायला हवं.

पहिल्या रकान्यासाठी पायऱ्या

९ मार्कांचा पहिला रकाना एकदम भरून निघत नाही. मागे जाऊन जिथे पाय टेकतो ती पायरी शोधावी लागते. दहावीची वर्गसमीकरणं अडली असतील तर आठवीच्या पुस्तकातलं ‘बैजिक राशींचे अवयव’ उघडा. बऱ्याचदा अडचण तिथेच असते: मधल्या पदाचे दोन भाग करता येत नाहीत. दहावीच्या मुलाला आठवीचं पुस्तक काढायची लाज वाटते. त्यामुळे “तुला आठवीचंही येत नाही?” हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. “इथून सुरू केलं तर लवकर होईल” एवढंच म्हणा.

क्रम असा लावता येईल. रोज २५ मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. पहिले तीन दिवस फक्त अवयव पाडणं, रोज पाच उदाहरणं. पाचपैकी चार बरोबर आली तरच पुढची पायरी, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारची नवी पाच. मग अवयव पद्धतीने समीकरण सोडवणं, तीन दिवस. मग सूत्र पद्धत, दोन दिवस. शाब्दिक उदाहरणं सगळ्यात शेवटी. दहाव्या दिवशी, चाचणीत चुकलेलाच प्रश्न कोऱ्या कागदावर. तो सुटतो त्या क्षणी जे वाटतं, तोच बांदुराचा पहिला उगम. भाषणाने तो क्षण येत नाही.

इथे हमखास चुकणाऱ्या गोष्टी दोन. पालक उत्साहाच्या भरात पाचाची पंधरा करतात, आणि चौथ्या दिवशी मूल पळतं. किंवा पालक शेजारी बसून स्वतःच सोडवून दाखवतात. गणिताची धास्ती असलेल्या पालकांनी गृहपाठात वारंवार मदत केली तर मुलांचं गणित मागे पडतं आणि धास्ती वाढते, असं अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवर २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. दहावीच्या गणिताला तर पालकांनी हात न लावणंच बरं. त्याऐवजी वर्गातला असा मित्र शोधा ज्याला हाच धडा दोन महिन्यांपूर्वी जमत नव्हता आणि आता जमतो. पहिला नंबर असलेला मुलगा या कामाला उपयोगाचा नाही. त्याला बघून ‘तो काय, हुशारच आहे’ एवढंच वाटतं.

कौतुक कशाचं

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाचवीच्या मुलांवर होते. सोपी कोडी सुटल्यावर काहींना “तू हुशार आहेस” म्हटलं, काहींना “तू मेहनत घेतलीस”. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेल्यांनी लवकर हात टेकले, त्यानंतरची कोडी त्यांना आधीपेक्षाही वाईट सुटली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातल्या जास्त मुलांनी ते फुगवून सांगितले. ‘हुशार’ ही पदवी मिळाली की ती जपण्याचं काम मागे लागतं.

पण ‘मेहनत’ हा शब्दही आता घासून गुळगुळीत झालाय. मुलीने खरंच महिनाभर मेहनत केली आणि मार्क आले नाहीत, तर “अजून मेहनत कर” हे तिला क्रूर वाटतं. तिथे मेहनत वाढवायची नसते, पद्धत बदलायची असते. म्हणून बघितलेली गोष्ट नेमकी सांगा: “या वेळी तू आकृती आधी काढलीस, मग लिहायला घेतलंस.” “अडलं तेव्हा सरांना जाऊन विचारलंस.” पंधरा वर्षांच्या मुलांना ढोल वाजवलेले आवडत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वाक्यात, आणि विषय बदला.

भिंतीवर स्फूर्तिदायक सुविचार लावून काम होईल या भ्रमात राहू नका. ‘बुद्धी वाढवता येते’ हे तासाभराहून कमी वेळात शिकवण्याचा प्रयोग अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झाला. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कमी गुण असलेल्या मुलांना फायदा झाला, पण तो थोडा होता: तिथे सरासरी गुण ४ पैकी मोजतात, त्यात साधारण ०.१ इतका. विचार पेरणं उपयोगी आहे, पण रोजची वागणूक त्याच्याशी जुळली तरच.

अभ्यासाची दोरी मुलाच्या हातात देणं

“यंदा आमच्याकडे दहावी आहे” असं जेव्हा अख्खं घर म्हणतं, टीव्ही बंद होतो, आई रजा टाकते, तेव्हा हेतू चांगलाच असतो. पण वेळापत्रक आईने केलेलं, क्लास बाबांनी निवडलेला, उठवणार आजी, वह्या तपासणार काका. मग मुलाकडे उरतं काय? फक्त मार्क आणायचं ओझं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात असं मांडलं: आपण ठरवतोय ही जाणीव, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपली माणसं सोबत आहेत ही जाणीव. पहिली काढून घेतली की उरलेल्या दोन लंगड्या पडतात.

याचा अर्थ मोकाट सोडणं नाही. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या पद्धतींचा जो अभ्यास सुरू केला, त्यातून वारंवार पुढे आलेली गोष्ट अशी की धाक आणि लाड यांच्या मध्ये कुठेतरी बसणं म्हणजे चांगलं पालकत्व नव्हे. माया भरपूर आणि नियमही पक्के, पण कारण सांगून, हे दोन्ही एकाच वेळी हवं.

मग नियम कुठले पक्के ठेवायचे? माझ्या मते चारच: शाळेत जाणं, रात्री ८ तास झोप (१३ ते १८ वयाला ८ ते १० तासांची शिफारस आहे), रात्री साडेदहानंतर घरातले सगळे फोन, आईबाबांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आणि कुठे जातोय ते सांगून जाणं. बाकी सगळं, म्हणजे कुठला विषय आधी, सकाळी की रात्री, गाणी लावून की शांततेत, हे मुलाचं.

वेळापत्रक करण्याआधी मुलाला दिवसाचा हिशोब मांडू द्या. २४ तासांतून झोप ८, शाळा ६, क्लास ३, जाणंयेणं दीड, जेवण-आंघोळ-इतर अडीच. उरले ३. “रोज आठ तास अभ्यास कर” म्हणणाऱ्या घरात हे गणित कुणी केलेलंच नसतं, आणि मूल रोज रात्री आपण हरलो असं समजून झोपतं. त्या ३ तासांतला एक तास खेळ किंवा नुसतं बसणं यासाठी. दोन तास स्वतःचा अभ्यास पुरेसा आहे, तो खरंच होत असेल तर. तीन क्लास असतील तर कुठला सोडायचा याची चर्चा याच कागदावर करा.

दोरी एका रात्रीत सोडू नका. पहिले दोन आठवडे दोघांनी मिळून आठवड्याची योजना करायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलाने एकट्याने लिहायची, तुम्ही फक्त विचारायचं, “यात सगळ्यात अवघड दिवस कुठला?” पाचव्यापासून फक्त रविवारी वीस मिनिटांची बैठक: काय झालं, काय राहिलं, पुढच्या आठवड्यात काय बदलायचं. मधल्या सहा दिवसांत “झाला का?” हा प्रश्न बंद.

साधारण तिसऱ्या आठवड्यात योजना कोलमडते. मूल चार दिवस काही करत नाही. हा खरा कसोटीचा काळ, कारण पालकांना वाटतं, “बघ, आपण सोडलं की हा असा वागतो”, आणि दोरी परत ओढली जाते. ओढू नका. रविवारपर्यंत थांबा, आणि तेव्हा विचारा की कुठल्या दिवसापासून घसरलं, त्या दिवशी काय होतं. बहुधा योजना अवाजवी असते: एका दिवसात इतिहासाचे दोन धडे, भूमितीचा सरावसंच आणि निबंध. मुलाला ती स्वतः कमी करू द्या. सलग तीन रविवार काहीच झालेलं नसेल तरच एक-दोन आठवड्यांसाठी पुन्हा एकत्र योजना करा, आणि ती किती दिवसांसाठी हे आधीच सांगा.

मिडल स्कूलच्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या वयातल्या मुलांच्या शिक्षणात पालकांचा सहभाग कशा प्रकारचा असावा, याबद्दल नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. गृहपाठात मदत करण्याचा यशाशी चांगला संबंध दिसला नाही. सगळ्यात जास्त संबंध दिसला तो शिक्षण कशासाठी, पुढे काय करता येईल, अभ्यासाच्या रीती कुठल्या, याबद्दलच्या बोलण्याचा. शेजारी बसून वही तपासण्याचा एक तास वाचवा आणि महिन्यातून एकदा मुलीला एखाद्या काम करणाऱ्या माणसाकडे घेऊन जा: प्रयोगशाळेत रक्त तपासणारी ताई, सर्व्हेअर, बँकेतला अधिकारी, नर्सरी चालवणारा शेतकरी. त्रिकोणमिती कशाला शिकायची, याचं उत्तर सर्व्हेअर दोन मिनिटांत दाखवतो.

बक्षीस, पाहुणे आणि घरातले दोन आवाज

“नव्वद टक्के आण, नवा मोबाइल घेऊ” हे दिवाळीत जोरात चालतं. पूर्वपरीक्षेत ७२ टक्के येतात, मोबाइल आता मिळत नाही हे मुलाला कळतं, आणि उरलेला जोरही ओसरतो. बक्षीस निकालाला बांधलं की निकाल हाताबाहेर गेल्या क्षणी अभ्यासही सुटतो. द्यायचंच असेल तर न सांगता, काम झाल्यावर द्या: धडा पूर्ण झाला, चला मिसळ खाऊन येऊ.

गणपतीत, लग्नात “काय, किती टक्के?” विचारणारे भेटणारच. उत्तर मुलाने द्यायचं नाही, तुम्ही द्यायचं, त्याच्यासमोर: “चाललाय त्याचा अभ्यास व्यवस्थित. तुमचं गुडघ्याचं कसं आहे?” आपल्या पाठीशी कोण उभं आहे हे मुलाला तिथे कळतं.

आई समजून घेते आणि बाबा ओरडतात, किंवा उलट, असं असेल तर भांडण मुलासमोर मिटवू नका, पण पेपर घरी येण्याआधी दोघांनी एक ठरवून ठेवा: त्या संध्याकाळी कोण बोलणार. एकानेच बोलायचं. आजी-आजोबांनाही तेवढंच सांगा.

हे दिसलं तर अभ्यास बाजूला ठेवा

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक बिघडलेली, आवडीचा खेळ सोडलेला, मित्रांचे फोन उचलणं बंद, शाळेच्या दिवशीच पोटदुखी, अंगावर ओरखडे किंवा गरमीतही पूर्ण बाह्या, “मी नसतो तर बरं झालं असतं” असली वाक्यं. शेवटचं वाक्य चेष्टेत आलं तरी सोडून देऊ नका. “जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. मुलाला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६, चोवीस तास सुरू, मराठीतही बोलता येतं. मुलं स्वतः १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करू शकतात.

पूर्वपरीक्षा ते निकाल

पूर्वपरीक्षेचे पेपर बऱ्याच शाळा कडक तपासतात. तो आकडा बोर्डाचा अंदाज म्हणून पाहुण्यांत वाटू नका. चार रकान्यांचा कागद प्रत्येक विषयाला पुन्हा करा आणि शिल्लक दिवस बघून फक्त दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यावर भर द्या. शेवटच्या महिन्यात सगळ्यात लवकर परत येणारे मार्क तेच असतात. पहिल्या रकान्यातले एक-दोन धडे निवडा, सगळे नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण नको, आणि पेपर देऊन आल्यावर प्रश्नपत्रिकेवर उत्तरं जुळवून घेणं नको. पुढचा पेपर त्याने हमखास बिघडतो.

निकालाच्या सकाळी संकेतस्थळ मुलाला स्वतः उघडू द्या, स्वतः आकडा सांगू द्या. त्याआधी आठवडाभर घरात एकदा शांतपणे सगळ्या वाटा कागदावर मांडून ठेवा, म्हणजे त्या क्षणी कुणी घाबरून बोलणार नाही. एखाद्या विषयात मार्क अनपेक्षित कमी वाटले तर विभागीय मंडळाकडे गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनही. त्यासाठीची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून तारीख निकालाच्याच दिवशी लिहून घ्या. एक-दोन विषय राहिले तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात होते, आणि एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेशही घेता येतो. अकरावीचा पसंतीक्रम भरताना कळफलक मुलाकडे द्या. शाखा, महाविद्यालय, घरापासूनचं अंतर, शुल्क यांचा तक्ता त्याने करायचा. तुमचं मत एकदाच, कारणासह, आणि तक्ता पूर्ण झाल्यावर.